चावीनंतर

दुपारी दोनला शुवैखमध्ये गाडी उघडायची
म्हणजे आधी तिला तासभर सावलीत उभं करायचं.
उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं.
घाईनं ओढलंत तर क्लिप
बिस्किटासारखी तुटते,
आणि मग ती खडखड
मालकाच्या कानात जन्मभर.

बू-ताहिरला रडार डिटेक्टर बसवून हवा होता,
आरशाच्या मागे, काचेला चिकटून.
लायटरच्या भोकातून लोंबणारी ती गुंडाळीची वायर नको.
"मा अबी अशूफ शै," म्हणाला,
काही म्हणजे काही दिसता कामा नये.
चालतं का हे, मी विचारलं नाही.
पोलिसानं धरलं तर दंड त्याचा,
वायर दिसली तर अब्रू माझी.

अठरा वर्षं हेच करतोय.
छताच्या कापडाची कड दोन बोटांनी खाली घ्यायची
आणि लेंग्यात नाडी ओवावी तशी
वायर पुढे पुढे सरकवायची.
खांबाच्या आत एअरबॅग झोपलेली असते.
तिच्या मागून जायचं, पुढून कधीच नाही.
शफीकुलला हे तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा हात धरून दाखवलं.
दिसत नाही म्हणून कुठूनही न्यायची नसते, बाबा.

फ्यूजच्या पेटीत वीज दोन जातींची.
एक सदा जागी :
मालक चावी उशाशी घेऊन घोरत असला तरी
ती घड्याळ सांभाळते, भोंगा सांभाळते.
दुसरी चावीनंतरची.
डिटेक्टर दुसरीवर घ्यायचा.
चुकून पहिलीवर घेतलात
तर माणूस महिन्याच्या सुट्टीवरून येतो
आणि बॅटरी मेलेली.

श्रीवर्धनला टाकीचं पाणी संपलं
तरी फोन मला येतो.
रात्री दीडला, तीनला, कधीही.
मीही पहिलीवरच जोडलेला,
अजून कसा उतरलो नाही कोण जाणे.

असो. डाव्या खांबाचं कव्हर काढलं
आणि हात थांबला.
आत वायर आधीच होती.
कापडी टेपात गुंडाळलेली,
दर चार बोटांवर एक टाय,
टायची शेपटी तासून सपाट,
आणि एअरबॅगच्या मागून, बरोब्बर मागून गेलेली.
खालच्या टोकाला कागदी टेपचा तुकडा,
शाई चहाच्या रंगाची झालेली.
शिरोरेघ आधी ओढून
तिच्याखाली अक्षरं टांगावीत तसं लिहिलेलं :
चावीनंतर.

मी शफीकुलला म्हटलं, वाच.
तो म्हणाला, हिंदी?
मी म्हटलं, नाही रे.

कोण असेल?
गाडी बू-ताहिरनं घेतली जहऱ्यातल्या कुणाकडून,
त्यानं आणखी कुणाकडून.
अख्ख्या शुवैखमध्ये हे वाचणारे किती,
आणि त्यातला एक हे कव्हर कधीतरी उघडेल
असा हिशोब कोण करतं?
स्वतःसाठीच लिहिलं असणार.
दुपार होती, डोकं तापलेलं,
दोन लाल वायरी हातात,
विसरायला नको म्हणून.

दिवा टोचून पाहिला.
चावी फिरवली, पेटला.
काढली, विझला.
खरं बोलत होता.

माझी नवी वायर तशीच गुंडाळून ठेवली.
त्याच्याच वायरीला डिटेक्टर जोडला,
फक्त काळी वायर नव्यानं घेतली,
बोल्टाखालचा रंग खरवडून.
बू-ताहिरनं काचेच्या कडेनं बोट फिरवलं,
वाकून पाहिलं, मान हलवली,
आणि ठरल्यापेक्षा एक दिनार कमी दिला.
दिसतच नाही तर काम कुठाय, म्हणाला, हसत.

त्याआधीच, कव्हर लावण्यापूर्वी,
खिशातलं पेन काढलं होतं.
नाव लिहावं, की गाव?
शेवटी त्याच्या अक्षरांखाली लिहिलं : बरोबर.
मग तळहातानं दाबत गेलो.
टक. टक. टक. टक.
पाचवी क्लिप बसेना.
ती तुटलेली होती, त्याच्याच वेळची.
तिथे त्यानं फोमचा इवला तुकडा चिकटवला होता,
खडखडू नये म्हणून.

तो तसाच राहू दिला.